क्रॉसखालचं लग्न

ईशानी इंग्लंडहून फोनवर म्हणाली, "बाबा, रजिस्टर झालं की इथल्या मार्केट क्रॉसखाली अंतरपाट धरायचा." आमच्या सूर्यकांतरावांनी त्यातला नेमका एकच शब्द ऐकला. क्रॉस.

"क्रॉसखाली मुलगी देऊ मी? खलास! येणार नाही," म्हणून त्यांनी फोन आपटला. नवरा मुलगा इंग्रज, तेव्हा पोरगी बाटली, हे दुबईत, जुमेरा लेक टॉवर्समधल्या ऑफिसात बसल्याबसल्या ठरवून मोकळे झाले.

रात्री घरी आल्यावर मी म्हटलं, "अहो, नावच तसं आहे. लाकडी खांबांवरचं छप्पर नुसतं. खाली पूर्वी बाजार भरायचा."

"ती तुला काहीही सांगते आणि तू ऐकतेस."

फोटो पुढे धरला, तर तोंड फिरवलं. हट्टाला पेटला की हा माणूस ब्रह्मदेवाच्या बापाचं ऐकत नाही. शेवटी मी एकटीच गेले.

गाव एवढंसं. मधोमध ते छप्पर, काळपट जाडजूड खांब, त्यांना तिरके टेकू, वर कौलं. खांबांना आम्ही झेंडूच्या माळा बांधल्या. अंतरपाटाचं एक टोक जावयाच्या आईने धरलं होतं, उलटं. लंडनहून आलेल्या गुरुजींनी "मुलीचे वडील?" असं विचारलं, तेव्हा ईशानीने रस्त्याकडे पाहिलं. मग मंगलाष्टका संपेपर्यंत तिकडेच पाहत राहिली. कन्यादान मी केलं. तेव्हा मला ह्यांचा असा राग आला!

दुबईला, अल नहदाच्या घरी परतले त्या संध्याकाळी ह्यांनीच व्हिडिओ मागितला. चष्मा लावून दोनदा पाहिला.

"अगं, हा तर मांडवच आहे. क्रॉस कुठाय?"

"कुठेच नाही."

मग त्यांनी स्वतः फोन लावला.

"ईशू, चुकलो गं मी. पुढच्या महिन्यात येतो. आत्ताच तिकीट काढतो, यल्ला!"

आता ती भांडेल, असं मला वाटलं. भांडायलाच हवं होतं.

"इट्स ओके, बाबा," ती शांतपणे म्हणाली. "उगाच धावपळ करू नका. तुम्ही तब्येतीला जपा."

फोन बंद झाला. बोलायला लागल्यापासून बापाला अरे-तुरे करणारी माझी पोर ती.

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मृणालिनी," ते म्हणाले, "तिने मला तुम्ही म्हटलं."