‘हो’ म्हणणारी बाटली

टिक.

सौनात, म्हणजे वाफेने न्हायच्या लाकडी खोलीत, दाटीवाटीने बसलेल्या माणसांचे श्वास अडकले. एल्नाने तोंडावर हात दाबून धरला. काचेच्या बाटलीच्या ओल्या तोंडावर ठेवलेलं पंचवीस सेंटचं नाणं केसभर उचललं गेलं होतं आणि परत जागेवर बसलं होतं. घडलं होतं ते एवढंच.

आम्ही सरोवराकाठची माणसं. हिवाळ्यात दिवस मावळताना गारठा वाढतो, बर्फ आकसतो आणि तोफ डागावी तसा तडकतो. त्या आवाजाने आमच्याकडचं तान्हं मूलसुद्धा दचकत नाही. तीच माणसं आता एका नाण्याला भिऊन बसली होती.

कारण त्या बाटलीत म्हणे रेनो होता. डिसेंबरात नदीच्या मुखाशी, जिथे खालच्या प्रवाहाने बर्फ पातळ राहतो, तिथे गोठलेल्या सरोवरावरून जाताना रेनो त्याच्या पिकअपसकट खाली गेला. गाडी सापडली नाही आणि माणूसही सापडला नाही. आता बर्फ वितळेपर्यंत वाट बघायची. आमच्याकडच्या फिनिश घरांत मेलेल्याला सौनात न्हाऊ घालायची जुनी रीत आहे, पण एल्नाला नवऱ्याला न्हाऊ घालायलाही मिळालं नाही. तिची नऊ वर्षांची आयली बापाचे मोठाले हातमोजे घालून घरभर फिरायची. अशा घरात ब्रदर व्हॉस नावाचा धर्मोपदेशक शिरला.

हा कुठून तरी दक्षिणेकडून आलेला. नखं स्वच्छ, आवाज मधाळ, कोट काळा. मेलेल्याला बोलावायची बैठक घ्यायला त्याने ना चर्च निवडलं ना एल्नाचं स्वयंपाकघर. रेनोने स्वतःच्या हाताने बांधलेला काठावरचा सौनाच त्याला हवा होता. इथल्या लोकांचा एक नियम आहे: सौनात आवाज चढवायचा नाही, वाद घालायचा नाही. चर्चमध्ये एक वेळ हमरीतुमरी खपून जाईल, सौनात नाही. हे त्याने बरोबर हेरलं होतं. ज्याच्या मनात शंका आली, त्याने ती गिळली. मी शाळेत विज्ञान शिकवते, पण मी नॉर्वेजियन, या गावात बाहेरून आलेली. दुसऱ्यांच्या दुःखात नाक खुपसू नये म्हणून मीही मागच्या बाकावर गप्प बसले होते.

बाटली सफरचंदाच्या सायडरची, गॅलनभराची, पूर्ण रिकामी. रेनो बुडाला तिथल्या भोकावर धरून त्याचा शेवटचा श्वास तिच्यात पकडला, असं व्हॉस सांगायचा. बैठकीच्या वेळी तो ती बाहेरच्या बर्फातून आत आणायचा, कुपीतल्या पाण्याने तिचं तोंड ओलं करायचा, नाणं ठेवायचा आणि दोन्ही पंजांत बाटली धरायचा.

“दार लावा. शेगडीत लाकडं सारा,” तो म्हणायचा. “आत्म्याला वारा सोसत नाही. शंकासुद्धा सोसत नाही.” या आत्म्याची तब्येत भलतीच नाजूक होती.

नाणं वाजलं तर ‘हो’, गप्प राहिलं तर ‘नाही’. रेनो, तू शांत आहेस का? टिक. एल्नावर रागावलास का? शांतता. काठावरची ही जागा ब्रदरच्या प्रार्थनाघराला द्यावी का? टिक, टिक. दोनदा वाजलं, म्हणजे अगदी मनापासून, असा खुलासा व्हॉसने केला. काही वेळाने नाणं वाजेनासं झालं की तो डोळे पुसायचा. “थकला बिचारा.”

त्या शनिवारी तो घाम पुसायला मागे सरला, आणि तेवढ्यात आयली उठून बाटलीपाशी गेली.

“बाबा, तुम्हाला थंडी वाजते?”

टिक.

“मी येऊ तुमच्याजवळ?”

व्हॉसचा हात झटकन बाटलीकडे गेला, पण तो पोचायच्या आत नाणं वाजलं.

मी त्याच्या तोंडाकडे बघत होते. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. हा प्रश्न त्याने ठरवला नव्हता, हे उत्तरही त्याचं नव्हतं. त्याच्यात तिळभर माणुसकी असती, तर त्याने ती बाटली तिथेच फोडली असती. उलट तो म्हणाला, “पवित्र इच्छा आहे. वेळ आली की कळेल.” बाहेर सरोवर तडकलं, आणि त्या वेळी मात्र सगळे दचकले.

दुसऱ्या दिवशी दुपारी रेनोचे चुलते, आर्वो काका, बर्फावरच्या आपल्या मासेमारीच्या खोपीत होते. नदीच्या मुखाकडे एक लाल टोपी चाललेली त्यांना दिसली. हाक मारली तर पोरगी पळेल, हे ओळखून म्हातारा खोपीतली शिडी घेऊन न बोलता मागे निघाला. पातळ बर्फाशी तो पालथा झाला, शिडी पुढे ढकलत सरपटत गेला आणि त्याने तिचा बूट धरला. तिच्या पायांखालून पाणी वर झिरपायला लागलं होतं. तिच्या काखेत थर्मास होता, बापासाठी गरम कॉफी भरून घेतलेला.

माझं घर जवळचं, म्हणून काका तिला माझ्याकडे घेऊन आले. शेगडीपाशी घोंगडीत बसल्यावर आयलीने मला विचारलं, “बाई, बाटलीवरचं पाणी खारट का असतं? मी बोट चाटलं होतं. ब्रदर म्हणाले, बाबांचे अश्रू आहेत. पण आपलं सरोवर तर गोड आहे ना?”

पायऱ्या गोठू नयेत म्हणून या गावात घरोघर मीठ फेकतात. बर्फातून आणलेल्या काचेवर साधं पाणी लावलं, तर ते गोठून नाणं चिकटून बसेल. खारं पाणी तसं लगेच गोठत नाही. म्हणजे नाणं चिकटू नये याची काळजी एका जिवंत माणसाने घेतली होती. तेवढं कळल्यावर बाकीचं उलगडायला वेळ लागला नाही.

पण खरी भीती पुढेच होती. एल्ना आली, तिने पोरीला छातीशी धरलं, सगळं ऐकून घेतलं. ती रडली नाही. शांतपणे म्हणाली, “त्याने हिला बोलावलंय. मग मलाही बोलावतो का, ते विचारायला हवं.” आणि संध्याकाळी बैठक ठेवायला तिने व्हॉसला निरोप धाडला.

संध्याकाळी मीही एक बाटली नेली आणि दाराबाहेरच्या बर्फात ठेवली. व्हॉसने नाणं ठेवलं. एल्ना पुढे झुकली, तशी मी उठले.

“बाई, सौनात वाद नको,” आर्वो काका पुटपुटले.

“वाद घालत नाही, काका. रेनोला दोन गोष्टी विचारते. ब्रदर, हात काढा बाटलीवरचा.”

“आत्म्याला ऊब लागते, भगिनी.”

“ऊब आहे की इथे. काढा.”

व्हॉसने काकांकडे पाहिलं. काकांनी नुसती ‘काढ’ अशी मान हलवली. हात निघाला.

“रेनो, तू फ्लोरिडात उन्हात बसलायस का?” टिक. “आपल्या सरोवरात देवमासा आहे का?” टिक. मागे कोणीतरी फिसकन हसलं आणि लगेच गप्प झालं. “हा ब्रदर लबाड आहे का?”

नाणं जरा थांबलं, आणि वाजलं.

मग मी माझी बाटली आत आणली आणि आयलीच्या मांडीवर ठेवली. लोणच्याच्या व्हिनेगरची, रिकामी, बर्फात गारठलेली. मीठपाणी, नाणं, आणि तिचे दोन चिमुकले पंजे. टिक. टिक.

“हिच्यात कोण असेल, आयली?”

तिने विचार केला. “लोणच्याची काकडी?”

मग मी सांगितलं. हवा तापली की पसरते. गार बाटलीत गार हवा कोंडलेली, वर नाण्याचं झाकण. खोलीची आणि हातांची ऊब लागली की आतली हवा जागा मागते, नाणं उचलते, थोडी बाहेर निसटते, नाणं परत बसतं. पुन्हा तापते, पुन्हा उचलते. बाटली खोलीइतकी गरम झाली की सगळं थांबतं, त्याला हा ‘थकला’ म्हणतो. आणि ‘नाही’ हवं असेल तेव्हा हा अंगठ्याने नाणं जरासं सरकवतो, फटीतून हवा गुपचूप निघून जाते.

“जानेवारीत तुमच्या गाड्यांची टायरं मऊ पडतात,” मी म्हणाले. “तेव्हा कोणाचा आत्मा हवा पिऊन गेला म्हणता? हवा आकसली म्हणता आणि पंपावर जाता. इथे तीच हवा पसरली, तर गुडघे टेकता?”

व्हॉसने कोट उचलला. दारात आर्वो काका उभे होते. ते बाजूला झाले आणि म्हणाले, “रस्त्यानेच जा. बर्फावरून जाऊ नकोस. आम्ही कोणालाच तिकडे पाठवत नाही.”

दोन्ही बाटल्या हळूहळू गप्प झाल्या. आयली कान लावून बसली होती.

“मग बाबा हो म्हणालेच नव्हते? मी येऊ का विचारलं तेव्हा?”

तेव्हा एल्ना बोलली.

“नाही,” ती आधी पुटपुटली. मग पोरीचे खांदे धरून ती त्या सौनात आजवर कोणी ओरडलं नसेल एवढ्या मोठ्याने ओरडली, “नाही! तुझे बाबा ‘नाही’ म्हणाले असते!”

तिला कोणीही गप्प केलं नाही. तिला तेव्हा कुठे रडू फुटलं. नवरा गेल्यानंतर ती पहिल्यांदाच अशी रडली.

तुमच्या गावात बाटली नसेल, दुसरं काही असेल. तिथे जाल तेव्हा भक्तीने जा, दुःखाने जा, पण ज्याचं उत्तर ‘नाही’च यायला हवं असा एक उलटा प्रश्न सोबत न्या, आणि ‘इथे शंका चालत नाही’ असं कोणी म्हणालं तर तो आधी विचारा. ज्याला ‘नाही’ म्हणताच येत नाही, त्याच्या ‘हो’वर आपल्या लेकराला पातळ बर्फावर पाठवू नका.