मोकळी पाणंद

"आधी गाड्या बंद करा, मग बोलू."

नरसिंगनं बाभळीची भलीमोठी काटेरी फांदी पाणंदीत आडवी टाकली होती आणि तिच्यामागे तो कमरेवर हात ठेवून उभा होता. एकामागून एक मोटारसायकली थांबल्या, इंजिनं बंद झाली. सगळ्यांच्या मागून विरूपाक्षआप्पा आपली जुनी गाडी घेऊन पोचले. काय झालं हे त्यांना कुणी सांगावं लागलं नाही. डाव्या हाताला नरसिंगचा हरभरा घाट्यांनी लगडला होता आणि त्याच्या मधोमध चाकांनी लोळवलेला पट्टा पार बांधापर्यंत गेला होता.

अलीकडच्या वळणावर पावसानं घळ पडली होती. ती कुठून टाळायची याची खूण म्हणून आप्पांनी सकाळीच चुन्याची पांढरी फक्की टाकून ठेवली होती. पण पुढच्या पोरानं सरळ हरभऱ्यात गाडी घातली, आणि मागचे शहाणे फक्की सोडून त्याच्याच चाकोरीनं गेले. यातले निम्मे शेतकऱ्यांच्या घरचे! आप्पांना संताप आला, पण संतापायलाही अंगात जोर लागतो. त्यांनी गाडी स्टँडला लावली आणि कंबर धरून ते पुढे झाले.

आप्पांचं लोह्यात मोटारसायकल दुरुस्तीचं दुकान, घर मात्र इथंच, बोरवाडीत. चार वर्षांपूर्वी ऐन पावसाळ्यात त्यांची बायको महानंदा गेली. लिंगायतांची समाधीची जागा पाणंदीच्या दुसऱ्या टोकाला, ओढ्यापलीकडच्या माळावर. पाणंद तेव्हा काट्यांनी आणि बेशरमाच्या झाडांनी पार बुजलेली. विमानात, म्हणजे मयताला बसवून न्यायच्या सजवलेल्या तिरडीत, बसवलेल्या महानंदेला लोकांच्या रानातून, चिखल तुडवत न्यावं लागलं. खांदेकऱ्यांचा पाय घसरला की ती एका अंगाला कलायची आणि आप्पा मागून तिला सावरायचे. जिचा पदर जन्मात कधी ढळला नाही, तिला सगळ्या गावानं तसं हेलकावताना पाहिलं. आप्पांच्या मनातून ते कधी गेलंच नाही.

दुकानात नांदेड-लातूरची, आडरानात गाड्या फिरवायचं वेड असलेली मंडळी यायची. त्यांच्यापुढे एकदा आप्पांनी हे बोलून दाखवलं. लातूरच्या तनुजानं, दातांची डॉक्टर ती, ते मनावर घेतलं. पहिल्या साली सगळ्यांनी मिळून कोयत्यानं पाणंद मोकळी केली. मग दर जानेवारीत मेळावा ठरला. उरलेलं झुडूप तोडायचं, समाध्यांपाशी थांबायचं, डांबरी सडकेला लागायचं. चाकं फिरत राहिली तर रस्ता बुजत नाही, एवढा साधा हिशोब. आणि खरं सांगायचं तर वर्षातला तो एक दिवस आप्पांचा असायचा. दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून ते मंडळींच्या पुढे उभे राहायचे. एरवी ऑइलात बरबटलेल्या म्हाताऱ्याला कोण विचारतं?

"चूक आमची आहे," तनुजा हेल्मेट काढत म्हणाली. "जे नुकसान झालं ते भरून देऊ."

"पैशाचं काढू नका डॉक्टरीणबाई," नरसिंग म्हणाला. "तीन महिने राबलो म्या त्याच्यावर. तुमची घटकाभराची मजा झाली."

"मजा नाही हो. रस्ता चालू राहावा म्हणूनच येतो आम्ही. नकाशात हा सरकारी रस्ता आहे. तुम्हाला अडवता येणार नाही. तहसीलला जावं लागेल."

"जावा की. सायेब एक डाव येतील, मोजतील, जातील. मी हितं रोज हाय."

हे मात्र खरं होतं. आप्पांनी तनुजाला हातानंच थांबवलं.

"नरसिंगा, चुकलं बाबा आमचं. काय करावं म्हणतोस तूच सांग."

नरसिंगनं हरभऱ्याचा एक मोडका डहाळा उचलला. "आप्पा, तुमच्याशी माझं वाकडं न्हाई. माणसं जाऊ द्या, बैलगाडी जाऊ द्या, तुमच्यातलं कुणी गेलं तर विमान जाऊ द्या. काटा टाकणार न्हाई, बांध कोरणार न्हाई. पर ह्या गाड्या पुन्यांदा ह्या वाटंला दिसायच्या न्हाईत. एक बी न्हाई."

"अन् झुडपं? ती लगेच वाढतेत," आप्पा म्हणाले.

"ती तुम्ही बघा. द्या शब्द. लिंगाला हात लावून."

मागे कुजबुज झाली. "आप्पा, देऊ नका," तनुजा हळूच म्हणाली. आप्पांनी काट्याच्या फांदीकडे पाहिलं, मग ओळीनं उभ्या गाड्यांकडे. मेळावा गेला तर पुढच्या जानेवारीत इस्त्रीचा शर्ट कशाला घालायचा, हा विचार त्यांच्या मनात आला आणि त्याची त्यांना लाजही वाटली. त्यांनी शर्टाची वरची गुंडी काढली, गळ्यातल्या इष्टलिंगाच्या चांदीच्या करंड्यावर हात ठेवला.

"झुडपं मी तोडीन. गाडी येणार न्हाई. शब्द दिला."

नरसिंगनं एका हातानं फांदी बाजूला ओढली.

मंडळींनी जागेवरच गाड्या वळवल्या आणि हातानं ढकलत गावाकडे नेल्या. तनुजा सगळ्यात शेवटी गेली. आप्पा मात्र पुढेच निघाले. इथवर येऊन महानंदेला न भेटता परतायचं त्यांच्या जिवावर आलं. त्यांनी गाडीचं हँडल धरलं आणि ढकलायला सुरुवात केली.

"आजच्या दिस जावा की बसून," नरसिंग मागून ओरडला.

"शब्द आत्ताच दिला ना बाबा."

ओढ्यानंतरच्या चढावर दम संपला. पाठीत कळ आली, गाडी मागे सरकू लागली. तेवढ्यात ती हलकी झाली. मागून नरसिंगनं दोन्ही हात लावले होते. दोघांनी मिळून गाडी माथ्यावर नेली. तिथून नरसिंग तसाच परत फिरला, पीक सावरायचं होतं त्याला.

महानंदेच्या समाधीशेजारी आप्पा पाय पसरून बसले. फार थकवा आला होता, आजचा आणि आधीचाही. फोन वाजला. तनुजाचा होता.

"आप्पा, असं कसं सोडलंत? किती जीव लावला होता आपण!"

"सोडलं न्हाई बाई. रस्ता हाय अजून. तुम्ही दुसरा धरा, बंद पडलेले लई हायत तालुक्यात."

"आणि तुम्ही? तुमची गाडी ह्या रस्त्यावर येणारच नाही?"

"मला आता ह्या रस्त्यानं एकदाच वाजतगाजत यायचंय. तवा गाडी लागत न्हाई."

आप्पांनी फोन खिशात ठेवला, समाधीवरचा वाळका पाला हातानं बाजूला केला आणि कमरेवर हात देत उठले. डांबरी सडक समोर दिसत होती. तिथपर्यंत गाडी अजून ढकलायची होती.