ओडेलाची पाळी

मित्रांनो, मी एक जुना, विटेएवढा जाड ग्रंथ आहे. ग्रंथ म्हटलं म्हणून हात जोडू नका. माझ्यात ना देव, ना राजाराणी. फ्लोरिडात स्वतःच्या नावावर बांधकामाचे ठेके घ्यायचे तर परवान्याची परीक्षा द्यावी लागते. ती परीक्षा कशी द्यावी आणि पुढे कामासाठी बोली कशी लावावी, एवढंच मी सांगतो.

तिथल्याच पेन्साकोला शहरातल्या एका दुकानातून मला ओडेला गेन्सनं विकत घेतलं. ती फरशा बसवायची. तिचा धाकटा भाऊ थर्मन सुतार होता. दोघांची उमेद दुसऱ्यांच्या परवान्याखाली राबण्यात चालली होती. परवाना दोघांनाही हवा होता, पण काम सोडून अभ्यासाला बसणं एका वेळी एकालाच परवडणार होतं.

"आधी तू दे," ओडेला म्हणाली. "तुझी लेकरं लहान आहेत. पुढच्या वर्षी मी."

"पुढच्या वर्षी नक्की, ओडी. आईची शपथ."

"आईला कशाला मध्ये घेतोस? अभ्यास कर."

रविवारी चर्चहून आल्यावर, तळलेले मासे खाऊन दोघं ओसरीवर बसायची. ही परीक्षा पुस्तक उघडून द्यायची असते. पाठांतराला तिथं किंमत नाही, हवं ते पान झटकन सापडलं पाहिजे. म्हणून ओडेलानं माझ्या पानांना रंगीत पट्ट्या चिकटवल्या. कायद्याला लाल, मापांना हिरव्या, बोलीला निळ्या. ती प्रश्न विचारायची, थर्मन पानं उलटत बसायचा, आणि शेवटी उत्तरावर बोट तीच ठेवायची.

"तू पुस्तक वाचतेस की हुंगतेस गं?" तो वैतागून म्हणायचा.

"हुंगते. तुझ्या नाकात भुसा भरलाय, त्याला मी काय करू?"

परीक्षेच्या दिवशी थर्मनच्या घामेजल्या बोटांनी माझी पानं ओली झाली. तरी त्या पट्ट्या धरत धरत तो पास झाला. घरी येऊन त्यानं बहिणीला उचलून गरकन फिरवलं. तो दिवस मी अजून विसरलेलो नाही.

पहिली बोली गावच्या वाचनालयाच्या दुरुस्तीची होती. जागा पाहिल्याशिवाय बोली लावू नये, असं माझ्यात ठसठशीत अक्षरांत छापलंय. थर्मन बाहेरूनच पाहून निघाला होता. ओडेला मात्र इमारतीच्या लाकडी तळाखालच्या पोकळीत सरपटत गेली आणि लाकडं कुजल्याची खबर घेऊन आली. त्यांच्या बोलीत त्या लाकडांचाही खर्च होता, आणि तो का, हेही लिहिलेलं होतं.

"बाकीच्यांनी नुसते आकडे पाठवले," वाचनालयाच्या बाई म्हणाल्या. "तुम्ही चिखलात लोळून आलात. काम तुमचं."

थर्मननं मला डोक्यावर धरलं. "हा माझा गुरू!" तो सगळ्यांना सांगत सुटला. ओडेला हसली आणि गुडघ्यांवरचा चिखल झटकत राहिली.

मग कामांची रीघ लागली. ओडेला दर वर्षी मला मागायची. एका वर्षी वादळानं गावातली छपरं उडवली होती. दुसऱ्या वर्षी शाळेचं काम होतं. आणखी बऱ्याच वर्षांनी थर्मनच्या मुलीचं लग्न.

"एवढं काम उरकू दे, ओडी. तू अभ्यासाला बसलीस तर फरशीचं कोण बघणार? तुझ्यासारखा हात आहे का कुणाचा?"

"म्हणजे हात चांगला म्हणून मी अडकले म्हण की."

"असं नाही गं…"

"मग कसं?"

तो ट्रक सुरू करायचा. मी त्या ट्रकमध्येच, पुढच्या काचेपाशी उन्हात पडलेला असायचो. माझं वेष्टन वाळक्या पानासारखं वळलं. पुढे कधीतरी मी सीटच्या मागे घसरलो, आणि त्याच सुमाराला ओडेलानं मला मागणंही सोडलं. थर्मनला वाटलं, तिची हौस फिटली.

त्यानं ट्रक विकायला काढला, तेव्हा सफाई करताना मी त्याच्या हाताला लागलो. तो बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिला. मग मला सदऱ्याला पुसून तडक बहिणीच्या घरी आला.

"घे, ओडी. आता तुझी पाळी."

ती ओसरीवर बसली होती, शेजारी काठी. जन्मभर जमिनीवर टेकून तिचे गुडघे गेले होते. तिनं एकेका पट्टीवरून बोट फिरवलं. मग पहिलं पान उघडलं.

"ही आवृत्ती परीक्षेला चालत नाही रे आता. नियम बदलूनही किती वर्षं झाली."

"नवं आणू. आजच्या आज आणतो."

"आणशील. पुस्तक दुकानात मिळतं. पण मी आता कुणाच्या इमारतीखाली सरपटू, थर्मन?"

"मग तू बोलली का नाहीस?"

"बोलले की. दर वर्षी बोलले. मग दमले."

थर्मन पायरीवर खाली बसला. टोपी काढून हातात चुरगाळत राहिला. "मला वाटायचं," तो म्हणाला, "तू काय, आहेसच."

"हो ना. मी होतेच."

तिनं त्याच्यापुढे बर्फ घातलेल्या गार चहाचा पेला सरकवला. त्यानं तो घेतला, पण तोंडाला लावला नाही.

मित्रांनो, माझ्यावर धूळ बसली याचं मला दुःख नाही. धूळ पुसता येते. आमच्यासारख्या पुस्तकांवर साल छापलेलं असतं. माणसांच्या उमेदीलाही साल असतं, फक्त ते कुठं छापलेलं दिसत नाही. तुमच्या घरात कुणाच्या वाटणीचं पुस्तक पडून असेल, तर त्याला नुसतं वेष्टन घालून जपू नका. ज्याचं त्याला नेऊन द्या. आणि त्या माणसानं मागणंच सोडलं असेल, तर चालत जाऊ नका. धावत जा.