कानिफनाथची सहावी फेरी

खोडी काढली ती प्रशांत सरांनी. हायस्कुलात ते खेळ शिकवायचे. मैदानात बाभळी असल्यामुळे बरेचसे खेळ फळ्यावरच व्हायचे. एका सकाळी घोडेगावच्या दूध डेअरीसमोर चहा पिता पिता त्यांनी कानिफनाथला सहज विचारलं, "तुमच्या वाडीपासून डेअरी किती?"

"अकरा किलोमीटर."

"दिवसातून एकदाच येता?"

"गाय काय एकाच टायमाला दूध देती व्हय, सर?"

"आणि किती वर्षं झाली?"

"चौदा सरली."

सरांनी वर्तमानपत्राच्या कडेला गुणाकार मांडला. सुट्ट्या वजा कराव्यात म्हणून विचारलं, पण गायी सुट्टी घेत नसल्याचं कळलं. मग चष्मा वर करून ते म्हणाले, "कानिफनाथ, तुमच्या पृथ्वीला पाच फेऱ्या पूर्ण झाल्या. सहावी अर्ध्याच्या पुढं गेलीय. सध्या कुठंतरी समुद्रात असाल."

एवढं बोलून सर तासाला निघून गेले. शिक्षकांचं हे बरं असतं.

कानिफनाथ मात्र रिकाम्या किटल्या घेऊन घरी आला तो वेगळाच माणूस होऊन. पृथ्वीला पाच फेऱ्या, आणि अजून नेवासा तालुका संपला नव्हता! त्याला एका जागी बसवेना. जेवता जेवता उठायचा, गोठ्यात चक्कर मारून यायचा आणि भाकरी किती झाल्या हे बायकोला, मुक्ताबाईला, विचारायचा. खाटेवर पडला तरी पाय पॅडल मारत. मुक्ताबाईनं दोन दिवस पाहिलं आणि खाट वेगळी केली.

उताराही सरांनीच आणला. त्यांच्या हाती एक परदेशी मासिक लागलं होतं. त्यात गोरे लोक सायकल खांद्यावर घेऊन चिखलातून पळत होते आणि दोन्ही बाजूंना गर्दी टाळ्या वाजवत होती.

"ह्ये तर आमी दर पावसाळ्यात करतो," कानिफनाथ म्हणाला.

"टाळ्या कोण वाजवतं?"

सरांनी ठरवलं, अशी शर्यत आपल्याकडे घ्यायची. मुहूर्त, शहाण्णव सालच्या डिसेंबरातला एक शुक्रवार. वाडीच्या शाळेपासून सुरुवात, टेकडीवर पाणी अडवायला खोदलेले सात चर, ओढ्याची वाळू, पाटाच्या पुलाशी डांबरी रस्ता ओलांडायचा, पुढं भिजवलेलं उसाचं रान आणि परत शाळा. पहिला येईल त्याला बंगळूरला असल्याच शर्यतीला पाठवायचं, जाण्यायेण्याच्या रिझर्व्हेशनसकट.

बंगळूर. कानिफनाथनं शब्द तोंडात घोळवून पाहिला. तिथंही डेअरी असेल, पण तिथं कुणी त्याची वाट बघत नसेल.

डेअरीच्या समोरच भीमराजचं सायकलीचं दुकान होतं. भीमराज आयटीआय केलेला, बोलणं बेताचं आणि तेही पान्याकडं बघून. त्यानं ती काळी, जाडजूड सायकल एकदा वरून, एकदा खालून पाहिली.

"शर्यतीची सायकल बांधायची नसती," तो म्हणाला. "सोडायची असती."

आधी वजन झालं, डेअरीच्या काट्यावर. पंचवीस किलो भरली. "फॅट किती लागली?" डेअरीच्या कारकुनानं विचारलं. मग सोडायला सुरुवात झाली. स्टँड गेलं, घंटी गेली, डायनॅमो गेला, चेनकव्हर गेलं. मडगार्डांवर कानिफनाथचा जीव होता. त्यांवर मागं लाल अक्षरांत गायींची नावं होती. भीमराज म्हणाला, "आपली काळी माती मडगार्डात बसली म्हंजी चाक फिरत न्हाई. मग गायांची नावं वाचत बसा चिखलात." मडगार्डं गेली. ब्रेकच्या लोखंडी सळ्या जाऊन तारेचे ब्रेक आले. मागचं अठरा दात्यांचं फ्रीव्हील काढून बावीस दात्यांचं बसलं; पळ कमी, पण चढाला पाय मोडत नव्हता. सीट दोन बोटं वर गेलं. पुढच्या दांडीला मुक्ताबाईच्या गोधडीचा तुकडा गुंडाळून शिवला, सायकल खांद्यावर घेतल्यावर हाडाला लागू नये म्हणून. मुक्ताबाईनं तुकडा दिला, पण एवढं विचारलंच, "आता ऱ्हायलंय काय सायकलीत? चाकं तरी ठिवणार का?"

"हलकी पायजे."

"आन तुमी बंगळूरला गेल्यावर दूध कोन घालनार?"

"चार दिवसांचा तर सवाल हाय."

"ते गायांना सांगा जाऊन."

खरी अडचण कॅरेजची होती. त्यावर किटल्या लटकायच्या, म्हणजे काढता येत नव्हतं; आणि काढल्याशिवाय चरांवर सराव करता येत नव्हता. म्हणून महिनाभर कानिफनाथ रोज दूध घालून आला की कॅरेज सोडायचा, टेकडीवर जाऊन सात चरांवरून सायकल नेऊन आणायचा, आणि दूध न्यायच्या वेळी पुन्हा कॅरेज बसवायचा. दिवसातून दोनदा. नट झिजले, ते भीमराजनं बदलले. ते झिजले, तेही बदलले. तिसऱ्यांदा तो म्हणाला, "कानिफदादा, तुमी येक ठरवा."

कानिफनाथनं ठरवलंच होतं. सायकल सतरा किलोवर आली होती.

शर्यतीच्या दिवशी सकाळचं दूध मुक्ताबाईनं शेजारच्या टेम्पोतून पाठवलं. चौदा वर्षांत पहिल्यांदा कानिफनाथ सकाळी घरी होता. काय करावं हे न सुचून त्यानं तीनदा आंघोळ केली.

नऊला शिट्टी वाजली. तेवीस गडी सुटले. नगरच्या कॉलेजातली पोरं गिअरच्या सायकली घेऊन आली होती. त्या गिअरांत पहिल्या चरातच माती गेली आणि पोरं खाली बसून काडीनं टोकरू लागली. कानिफनाथनं सायकल खांद्यावर टाकली, सात चर सात श्वासांत मागं टाकले, ओढ्याची वाळू पळत ओलांडली आणि पाटाच्या पुलाशी पोचला तेव्हा मागं दोनशे पावलांत कुणी नव्हतं. समोर उसाचं रान. डावीकडं घोडेगावचा रस्ता. मधोमध लाल झेंडा घेऊन मच्छिंद्र तात्या उभे, रस्ता दाखवायला.

कानिफनाथ डावीकडं वळला.

तात्या ओरडले कसे नाहीत, असं सरांनी नंतर त्यांना फार तळमळून विचारलं. तात्या म्हणाले, "आवो, पर त्यो रोज तिकडंच जातो." उलट त्यांनी नेहमीसारखं 'काय कानिफ, बरं हाय का?' विचारलं होतं आणि त्यानंही नेहमीसारखी मान हलवली होती.

डांबरी लागल्यावर कानिफनाथनं एकदा मागं पाहिलं. चिटपाखरू नव्हतं. 'लईच मागं टाकलं की!' असं म्हणून त्यानं आणखी जोर केला. सहा किलोमीटर तो पहिला होता. डेअरीच्या पायरीला सायकल टेकवून उतरला आणि किटली सोडायला हात मागं गेला, तेव्हा हाताला काही लागेना.

डेअरीला कुलूप होतं. सकाळचं दूध घेणं केव्हाच उरकलं होतं.

समोर शुक्रवारच्या बाजाराला निघालेले बैल चालले होते. त्यांच्या मधून वाट काढत भीमराज आला. चिखलानं भरलेली सायकल त्यानं पाहिली, माणूस पाहिला.

"शर्यत हिकडून हाय?"

"न्हाई."

"मग?"

"पाय वळले."

भीमराज हसला नाही. त्याच्या जागी दुसरा कुणी असता तर हसला असता, आणि मग ही गोष्ट इथंच संपली असती.

"मागारी पळा. अजून पाचवा-सहावा नंबर येईल."

"पाचव्याला बंगळूर हाय का?"

"न्हाई."

कानिफनाथ पायरीवर बसला, लगेच उठला. डेअरीच्या पुढं चाळीस पावलांवर हमरस्ता होता. एका अंगाला नगर, दुसऱ्या अंगाला औरंगाबाद. दोन्हीकडं तो एसटीनं गेला होता, लग्नांना. स्वतःच्या पायांनी डेअरीच्या पुढं एकदाही नाही. चौदा वर्षं इथं सायकल माघारी फिरवायची, एवढंच तिला ठाऊक.

"किती वाजले?" त्यानं विचारलं.

"धा."

"संध्याकाळच्या दुधाला चारला घरी पायजे. म्हंजी तीनला हितं."

"कॅरेज बसवायला पंधरा मिनिटं धरा," भीमराज म्हणाला. "ते घरीच हाय न्हवं?"

"घरीच हाय. मग पावनेतीन."

दोघंही बोटांवर हिशेब करू लागले. भीमराजनं दुकानातून पंप आणला आणि न विचारता चाकांत दाबून हवा भरली. रानासाठी ठेवलेली मऊ हवा डांबरीवर उपयोगाची नव्हती.

"वारा कुनीकडून हाय?" कानिफनाथनं विचारलं.

"औरंगाबादकडून."

"मंग तिकडंच. येताना पाठीवर पायजे."

"किती लांब जानार?"

"सव्वादोन तास जायाचं, तेवढंच यायचं," कानिफनाथ म्हणाला. "वर पंधरा मिनिटं हायेत, ती तिथं थांबंन."

"तिथं कुटं?"

"जिथं आसंन तिथं," असं म्हणून त्यानं टांग टाकली, बैलांच्या मागून वाट काढली आणि हमरस्त्याला लागला.