एसीला लागलेली धाप

रविराजनं एसीच्या बाहेरच्या मशीनचा पहिला स्क्रू काढला, तसा गोजरबाईनं हात पुढं केला आणि तो आपल्या ओच्यात टाकला. दुसराही टाकला. पत्रा सुटेपर्यंत ती त्याच्या खांद्याशी उभी होती, आणि सुटल्यावर त्याच्या आधी वाकून तिनंच आत बघितलं. आतल्या एकेका भागावर मागच्या खेपेला तिनं लाल ठिपका दिला होता. पोळ्याला बैलांच्या शिंगांना लावायचा रंग डब्याच्या तळाला उरला होता, तोच. विहिरीवरची जळालेली मोटर तार भरायला टाकतानाही ती अशीच खूण करायची. तांब्याची तार देऊन दुसरंच काही घरी आणणारी ती बाई नव्हती.

"हायेत ना ठिपके समदे?" रविराजनं विचारलं.

"हायेत. म्हणून तर इचारते. माल त्योच हाय, तर बंद का पडतंय?"

रविराज श्रीगोंद्याहून यायचा. या उन्हाळ्यात कितव्यांदा आला, ते दोघांनीही मोजायचं सोडलं होतं. त्यानं जाळी धुतली होती, गॅस तपासला होता. कंप्रेसर तापतो आणि आपोआप बंद होतो, थंड झाला की पुन्हा चालतो. मशीन म्हातारं झालंय, आता दुरुस्तीत जीव घालू नका, नवीन घ्या, असं त्याचं म्हणणं. गोजरबाईला ते पटत नव्हतं. हा सकाळी यायचा तेव्हा मशीन गुमान चालायचं, आणि हा गेला की भर दुपारी बंद पडायचं. गॅस उडतो तर त्याचा वास का येत नाही, आणि दुकानदार तुझा कोण लागतो, हेही तिनं विचारून घेतलं होतं. दुकानदार रविराजचा साडू निघाला. मग तर झालंच.

पण तिचा खरा संशय होता सुनेवर, रुपालीवर. एसी सुनेच्या भावानं लग्नात दिलेला, सुनेच्या खोलीतला. गेल्या उन्हाळ्यात तिचा नवरा सहादेव रानात ऊन लागून पडला. म्हाताऱ्याला दुपारचं गार खोलीतच ठेवा, असं डॉक्टरांनी बजावलं, तेव्हा सुनीलनं तो काढून बापाच्या खोलीत बसवला. रुपाली हूं की चूं बोलली नाही. न बोलणाऱ्या माणसाचं गोजरबाईला पहिल्यापासून वावडं होतं.

त्यात सुनीलचं पुणं. तो तिथं कंपनीत, सुट्टीला गावी काष्टीत. आता फोनवर एकच धोशा लावला होता: मशीन चालत नसेल तर दादांना इकडं आणतो, सगळेच या. रुपालीला दुसरं काय पाहिजे होतं? आणि गोजरबाईला तेच नको होतं. दिवाळीत चार दिवस पुण्याला गेले होते तेव्हा सहादेव लिफ्टसमोर उभा राहून, ही गव्हाण कुणी बुजवली, म्हणून विचारत होता. गोजरबाईनं ते हसण्यावारी नेलं, सुनीललाही हसवलं. त्यानंतर नवऱ्याच्या बोलण्यात काही घसरायला लागलं की ती मध्येच बोलायची, मोठ्यानं. लोक म्हणायचे, म्हातारी नवऱ्याला तोंड उघडू देत नाही. म्हणू देत. काष्टीत त्याला वाट पायांनी सापडत होती. चौथ्या मजल्यावर त्याच्या पायांना काय सापडणार?

शनिवारी तिनं पिशवी घेतली, बाजारला जाते म्हणून रुपालीला ऐकू जाईल असं सांगितलं, आणि बोळातून वळसा घालून गोठ्याशेजारच्या कडब्याच्या गंजीआड येऊन बसली. समोर घराची मागची भिंत, भिंतीलगत ओट्यावर मशीन. आतून गरम वारा फेकत ते घरघरत होतं.

रुपाली मागच्या दारात आली. डावीकडं बघितलं, उजवीकडं बघितलं, आत गेली. गोजरबाईनं पदर कमरेला खोचला. आता सापडली.

दारातून बाहेर आला तो सहादेव.

सावकाश चालत तो गोठ्यात गेला. खुंटीवरचं पोतं काढलं, हौदात बुडवलं, थोडं निथळू दिलं. त्या ओल्या पोत्यावरून गोजरबाई सुनेला कितीदा बोलली होती, की खुंटीवर कुजतंय, घरात कुणाला डोळे हायेत का न्हाई. सहादेवनं ते मशीनवर टाकलं, पुढची जाळी झाकेल असं नीट ओढलं आणि वर हात ठेवला.

"दम धर, हरण्या. लई धापलास."

हरण्याला जाऊन बरीच वर्षं झाली होती. नांगरटीच्या दिवसांत बैल तापला की सहादेव असंच ओलं पोतं त्याच्या पाठीवर टाकायचा. तो आत गेला. थोड्या वेळानं मशीनचा आवाज बसला आणि ते थांबलं.

 गोजरबाईनं गंजीआडून उठून पोतं काढलं, पिळलं, खुंटीला लावलं. संध्याकाळी रुपाली कशाला तरी मागं गेली आणि रिकाम्या हातानं लगेच परत आली. सासूकडं एकदा बघितलं आणि भाकरी थापायला बसली.

रविवारी सुनील आला. रविराजला त्यानंच बोलावून घेतलं होतं. नवीन घेऊन तरी इथल्या लाईटचा काय भरवसा, दादांची बॅग भरा, असं त्याचं ठरलेलं होतं. सहादेव दारात बाजेवर बसून मशीनकडं बघत होता. स्क्रू पुन्हा गोजरबाईच्या ओच्यात जमले. रविराजनं जाळीत बोट घालून काहीतरी ओढलं आणि उजेडात धरलं.

"ताग हाय ह्यो. पोत्याचं सूत. हितं कसं आलं?"

सुनील जवळ आला. सहादेव बाजेवरून उठायला लागला, आणि गोजरबाई त्याच्या पुढं झाली.

"मी टाकत हुते पोतं."

"तू?"

"व्हय, मी. उन्हात तापतंय म्हणून. वलं करून."

रविराज हसत ओट्यावरच बसला. आजी, आमची चोरी धरायला ठिपके दिलेत आणि तोंड तुम्हीच बांधलंत व्हय मशीनचं, म्हणाला. हवाच कोंडली, मग ते तापणार नाही तर काय. सुनीलही हसला. सगळ्या काष्टीला अक्कल वाटतेस आणि हे काय, म्हणाला. गोजरबाईनं दोघांचं हसणं उभ्या उभ्या ऐकून घेतलं. तिला असं कुणी कधी हसलं नव्हतं.

मग सुनील थांबला.

"पण एकदा पण दिसलं कसं नाही? काढत कोण होतं ते?"

याचा विचार तिनं केला नव्हता. तिनं सहादेवकडं बघितलं नाही. बघायचं नव्हतं.

"मी काढायचे," चहाचा ट्रे घेऊन आलेली रुपाली म्हणाली. "रोज सांजच्याला. आत्याबाईंच्या आता ध्यानात राहत न्हाई."

एरवी या वाक्याला गोजरबाईनं सुनेचं माहेर काढलं असतं. तिनं ओच्यात हात घातला, सगळे स्क्रू मुठीत घेतले आणि न मोजता रविराजच्या हातावर ठेवले.

"लाव पत्रा," ती म्हणाली, आणि आत गेली.

बॅग भरायचं कुणी पुन्हा काढलं नाही. जाताना सुनील आईला एवढंच सांगून गेला, की पोत्याला हात लावू नकोस.

दुसऱ्या दिवशी दुपारी गोजरबाईनं पाण्याचा रांजण मागच्या दाराशी आणून ठेवला आणि उंबऱ्याबाहेर घडी घातलेल्या पोत्यावर बसली. सहादेव ओलं पोतं घेऊन आला. मशीनकडं वळला.

"हरण्या धापतोय गं."

"त्याला पानी दावलंय मी. आधी ह्या रांजणाचं बघा. लई तापलाय."

सहादेवनं रांजणाला हात लावून बघितला. मान हलवली आणि पोतं त्याच्याभोवती गुंडाळायला लागला, काळजीनं, कोपरे खोचत.

रुपाली दारात येऊन उभी राहिली.

"उद्या तुमी पडा दुपारचं. मी बसते."

"तुला खोचता येतंय का तरी," गोजरबाई म्हणाली, आणि बुडाखालच्या पोत्याची एक घडी उलगडून तिच्या बाजूला सारली.