मॅलकी डर्कनची रील

ती रील मी एकोणिसाव्या वर्षी, लग्नाआधी, कोंबड्यांच्या खुराड्यामागे बसून केली. नाचायची धावती चाल, फिडलवरची. नाव दिलं नाही. आयर्लंडमधल्या आमच्या स्लायगोच्या डोंगरात चाल ज्याच्याकडून ऐकली त्याच्या नावाने ओळखतात. लोकांनी ती माझ्या नवऱ्याकडून ऐकली, म्हणून ती 'मॅलकी डर्कनची'. डोंगरापलीकडे 'कोबीतली बकरी', बंदराकडे 'पाद्र्याची घोडी'. सहा नावं मोजली मी. बारशाला अख्खी पंचक्रोशी, आणि आईलाच आमंत्रण नाही.

मॅलकी वाईट नाही. तीस वर्षांत कधी हात उगारला नाही. पण फिडल घेऊन बाहेर जायचा तो, आणि गाई पिळायला मागे राहायची मी.

मंगळवारी डब्लिनहून कॅनिंग नावाचा माणूस टेपचं यंत्र घेऊन आला. तो जुन्या चाली गोळा करतो. मॅलकीची बोटं संधिवाताने वाकलीत, म्हणून त्याने फिडल माझ्या हातात दिली.

"तू वाजव. नाव मी सांगतो."

कॅनिंगने नेहमीचा प्रश्न विचारला, ही कुणाकडून घेतली? आमच्याकडे उत्तर ठरलेलं असतं: बापाकडून, शेजाऱ्याकडून, एखाद्या फिरस्त्याकडून. 'मी केली' म्हणणं म्हणजे स्वतःची टिमकी वाजवणं. तरी मी म्हटलं.

"कुणाकडून नाही. ही मी केली."

मॅलकी मायेने हसला. "जुनी चाल घरात फार वर्षं राहिली ना, की हिला ती आपलीच वाटते हो."

तो खोटं बोलत नव्हता. ती माझ्याकडून शिकल्याचं खरोखर विसरला होता, आणि त्याचाच मला जास्त संताप आला. कॅनिंग म्हणाला, प्रत्येक खेड्यात कुणीतरी असं म्हणतंच. त्याने वहीत लिहिलं: मॅलकी डर्कनची रील, वाजवणार त्यांच्या पत्नी.

मग मी ठरवलं, ती इतकी बिघडवायची की टेप फेकूनच द्यावी लागेल. दुसऱ्या भागात ती वर चढते, तिथे बोट घसरवायचं. गज उचलला. ती जागा आली आणि बोट बरोबर सुरावर पडलं. दुसऱ्या फेरीत पडलं, तिसऱ्याही. पोटचं पोर मुद्दाम हातातून कोण पाडतं?

"एकही चूक नाही," कॅनिंग म्हणाला. "आता ही याच नावाने कायमची राहील."

मॅलकीने पाहुण्यासाठी चहा टाकायला सांगितला. मी टाकला.