कुलपाचा गुण

पाऊस फसवा निघाला तर पाशामियाँचा फायदा दुप्पट होता: पेरणीआधी तिफणीची दुरुस्ती एकदा, आणि कोंब करपले की दुबार पेरणीला पुन्हा. निलंग्यातल्या लोहाराला आभाळानं याहून चांगला सौदा कधी दिला नव्हता. तरी रोहिणीतच पाऊस कोसळला, गिऱ्हाइकं दारात आली, आणि या शहाण्यानं व्यंकटीची तिफण तेवढी उरकून, भूकंपानंतर उभारलेल्या पत्र्याच्या शेडला कुलूप घातलं. नात तूबाला लातूरला डॉक्टरकीच्या क्लासला पोचवायचं होतं.

शिवप्पाची तिफण आत अडकली. घरात सोयाबीनच्या बियाण्याची एकच थैली. ती वाया गेली तर दुसरी आणायची ऐपत नव्हती, आणि पेरलीच नाही तर ओल उडून जायची. त्यानं बंद दाराला शिव्यांची लाखोली वाहिली. शेजारच्या शेतात व्यंकटी पेरून, मिशीला पीळ देऊन मोकळा झाला होता.

मग पावसानं पाठ फिरवली. व्यंकटीचे कोंब डोळ्यांदेखत वाळले.

पाऊस परतला, शेडचं कुलूप निघालं, तसा शिवप्पा शेडात येऊन चक्क पाया पडायला वाकला.

"वाचवलंस मामू! थैली जशीच्या तशी हाय. पावसाचं कळलंतं म्हणूनच कुलूप लावलंस न्हाई का?"

"येडा का खुळा? मी नातीपायी गेलतो. गुण माझा न्हाई बाबा, कुलपाचा!"

"कुनाचा का असंना. लई उपकार झाले."

पाठोपाठ व्यंकटी तिफण खांद्यावर घेऊन आला. पाशामियाँला वाटलं, आता शिव्या.

"मामू, वेळेवर काम करून घात केलास की!" व्यंकटी हसला. "असू दे, घाई माझीच. मेव्हण्यानं बियाणं दिलंय, शिवप्पा बैल द्यायलाय. तू फकस्त फाळ नीट कर."

पाशामियाँनं भट्टी पेटवली. मजुरी विचारल्यावर म्हणाला, "पहिली दिलीस तीच पुरे."

शेडामागच्या घरातून त्याच्या बायकोनं, अख्तरीनं ऐकलं. तिचं लातूरचं तिकीट या मजुरीतूनच निघायचं होतं.

"तूबा कू मिलने जाना था ना जी?"

"अगले म्हैने."

शिवप्पाची थैली वाचली, व्यंकटीचं रान पेरलं गेलं, पाशामियाँचं नाव झालं. दुसऱ्या दिवशी अख्तरीनं शिवप्पाच्या बायकोनं पाठवलेल्या तुपात मालिदा केला, तूबासाठी डबा घट्ट बांधून एसटीच्या ड्रायव्हरच्या हाती दिला, आणि लातूरची गाडी सुटेपर्यंत ती खाली त्याच्या खिडकीशी उभी राहिली.